कोपरगावला जाते म्हणून

माधुरी गेल्याचा फोन आला तेव्हा भीमराज साळवे राहात्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी धूत होता. फोन सायलीचा होता, सुनेचा.

"आबा, आईंना झटका आला. दवाखान्यात नेलं, पण..."

"कुठल्या दवाखान्यात? कोपरगावात?"

सायली म्हणाली, "संगमनेरला आहोत आम्ही. स्टँडवरच पडल्या."

सकाळी माधुरी कोपरगावला बहिणीकडे जाते म्हणून निघाली होती. सायली सोबतीला. कोपरगाव एका दिशेला, संगमनेर भलत्याच दिशेला. कोपरगावला निघालेली बाई संगमनेरला कशी मरते, हा प्रश्न भीमराजच्या डोक्यात तेव्हाच रुतला. रडू यायच्याही आधी.

नागापूरच्या कंपनीत तो तीस वर्षं तयार माल तपासणारा चेकर होता. मापाचं गेज लावल्याशिवाय त्यानं एक पार्ट पुढे जाऊ दिला नव्हता.

संगमनेरला पोचल्यावर त्यानं सायलीच्या हातातली माधुरीची कापडी पिशवी मागितली. सायलीनं ती लगेच सोडली नाही.

"राहू द्या ना माझ्याकडं, आबा."

त्यानं ओढूनच घेतली. घरी आणून कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. पिशवी मात्र उघडली नाही. आत तिचा चष्मा असेल, रुमाल असेल. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मुलगा महेंद्र चाकणला कामावर परत गेला. मग एक दिवस तांदळाच्या डब्यात भीमराजला गोळ्यांची तीन पाकिटं सापडली.

अशी पाकिटं त्यानं वर्षापूर्वीही पाहिली होती. तेव्हा माधुरी म्हणाली होती, "माझीच हायेत. पाळी गेल्यावर अंगाची आग होती ना, त्यावरच्या गोळ्या. हार्मोनच्या."

"छप्पन्नाव्या वर्षी काय करायचेत हार्मोन? परत नवरी व्हायचंय का?"

"व्हईन की. नवरा तेवढा बदलून द्या."

दोघंही हसले होते. पण तिची आग काही गेली नव्हती. भर थंडीत ती तोंडावर पाणी मारायची, अंथरूण सोडून उघड्या फरशीवर झोपायची. एवढ्या गोळ्या खाऊन फरक पडत नव्हता, म्हणजे गोळ्यांतच खोट होती. भीमराजला हे आता सुचत होतं.

एक पाकीट घेऊन तो छगनच्या मेडिकलवर गेला. छगननं ते डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"हार्मोनचीच हाय. पाळी गेल्याल्या बायांना देत्यात. वैनींना बीपी हुतं ना?"

"लई वर्षांपासून."

"मग डॉक्टरला इचारूनच घ्यायची ही. एखादीला गुठळी होती रक्ताची. चिठ्ठी कुनाची हुती?"

"तेच शोधतोय."

संध्याकाळी सायली भाकरी करत होती. त्यानं तिन्ही पाकिटं तिच्यापुढं ठेवली.

"ह्या कोण आणायचं?"

"मीच."

"कुठून?"

"संगमनेरहून."

"कोणासाठी?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. "आईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना, आबा. तेच धरून चाला."

"त्या दिवशी तुम्ही दोघी तिथंच चालला होता?"

"हो."

"मग मला कोपरगाव का सांगितलं?"

"आईंनी शपथ घातलीय." ओढणीनं कपाळ पुसत ती खालच्या आवाजात म्हणाली, "ती पाकिटं परत देता का? आणि ती पिशवी?"

पुरावा मागतेय, भीमराजला वाटलं; गोळ्यांची चिठ्ठी त्या पिशवीतच असणार. त्यानं पाकिटंही कपाटात कुलूपबंद केली.

त्यानंतर तो तिच्यावर नजर ठेवू लागला. दोन आठवड्यांत सायली पार बदलली. बोलता बोलता तिचा चेहरा लाल व्हायचा, मान घामानं निथळायची. पहाटे तो उठायचा तेव्हा ती मोरीत तोंडावर पाणी मारत असायची. मन खातंय हिचं, तो स्वतःशी म्हणायचा.

सायली-महेंद्रच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्यानं पाळण्याचा विषय काढला की माधुरी सुनेच्या पुढं येऊन उभी राहायची. "तुमच्या कंपनीचा माल हाय का, ठरल्या तारखेला निघायला?" जिनं एवढी पाठराखण केली, तिलाच हिनं नको त्या गोळ्या चारल्या.

त्यानं महेंद्रला फोन लावला. "रविवारी ये. बायकोला माहेरी सोडून दे, कायमची. न्हाईतर मी पोलिसात जातो."

"आबा, काय बोलताय! केलं काय तिनं?"

"आईला नको त्या गोळ्या चारून मारली. डॉक्टरचा कागदच दाखवतो. तू ये तर."

रविवारी सकाळी सायलीनं आपली बॅग भरून दाराशी ठेवली. महेंद्र लोणीपर्यंत आला होता, अर्ध्या तासात पोचणार होता. कागद आता काढायलाच हवा होता. भीमराजनं कपाट उघडलं आणि पस्तीस दिवसांनी ती पिशवी पलंगावर पालथी केली.

चष्मा. रुमाल. अर्धा खाल्लेला बिस्किटचा पुडा. आणि संगमनेरच्या एका डॉक्टरीणबाईंची फाईल.

त्याचा स्वतःचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. त्यानं माधुरीचाच लावला.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: सायली महेंद्र साळवे, वय एकोणतीस. पाळी अकाली बंद. गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. सोबत आलेली व्यक्ती: सासू. पुढच्या तपासणीची तारीख माधुरी गेली त्याच दिवसाची होती. ती तपासणी अजून व्हायची होती.