अणुभट्टीवरचा नारळ

रंगराव फोरमननी नारळ वाढवला तो थेट ट्रेलरवर चढवलेल्या अणुभट्टीच्या पात्रावर. स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत काठावरून पाण्याचे ओघळ आत उतरले आणि कारखाना टाळ्या वाजवू लागला. तपासणी विभागाच्या विशाखाताईंनी मात्र हात वर केला.

“ट्रेलर थांबवा. पात्र परत आत घ्या.”

“अहो ताई, नारळाचं पाणी आहे, ॲसिड नाही,” मालक हसले. “छोटं अणुवीज केंद्र कारखान्यात बनवून वेळेत पोचवू, असं आपण जगाला सांगितलंय. आणि पहिलंच उशिरा?”

“त्या पाण्यात क्लोराईड असतं. हे स्टील पुढची कित्येक वर्षं तापणार, दाबाखाली राहणार. एखादा डाग राहिला, तर तिथूनच तडा जाऊ शकतो. धुऊन, तपासून आठवड्यानं पाठवू. आज मी सही करणार नाही.”

रंगरावांचा चेहरा उतरला. आजवर प्रत्येक यंत्र त्यांनी असंच नारळ वाढवून बाहेर पाठवलं होतं. “माझ्याच हातून अपशकुन झाला,” ते पुटपुटले.

“कसला अपशकुन, काका? पात्र अजून आपल्याच दारात आहे.”

रंगराव वळून क्रेनवाल्यावर ओरडले, “बघतोस काय? उचल!”

मालकांनी नाइलाजानं गिऱ्हाइकाला फोन लावला. “आठवडाभर उशीर होईल. नाही, बिघडलं काही नाही. आमच्या तपासणीच्या बाई ऐकत नाहीत.” पात्र हळूहळू आत जाताना ते पाहत राहिले. “म्हणून तर तुम्ही आमच्याकडून घेताय.”