पहिल्या दिवसाची काच

थोरल्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी सुपडूनं गाडी घेतली. पूजेच्या वेळी काचेवर हात ठेवून विक्रेता भरतशेठ म्हणाला होता, "दहा वर्षांत बॅटरी गेली, तर नवी माझ्याकडून."

आता बॅटरी गेली होती आणि नातीची शाळा बुडत होती.

"तोंडी बोलणं कुठं धरता, मावशी?" शेठ म्हणाला.

"मग काच वाचू," सुपडूची बायको कौतिक म्हणाली. नवी काच पहिल्या दिवसाचं सगळं बोलणं शोषून घेते, आणि कोर्ट ते मानतं.

शेठ हसला. "वाचा की! यंत्र माझ्याकडेच आहे. पण काच एकदाच बोलते, मग कोरी होते. सुपडूदादांचा आवाजही जाईल."

कौतिक गाडीभोवती फिरत राहिली. रोज सकाळी ती त्याच काचेला गाल लावायची. शेवटी म्हणाली, "लाव तुझं यंत्र."

आधी शेठचं वचन आलं. शेठनं मान खाली घातली. मग सुपडू बोलला, "अगं, मागं कशाला? पुढं बस, माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवशी नव्या बॅटरीवर गाडी आपली आपण शाळेकडे निघाली. नात मागं होती, कौतिक पुढं.

गाडी घेतली त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, सुपडू वारला होता.