विकणाऱ्याचं नाव

"अजूनही वेळ गेलेली नाही," वकीलबाई म्हणाल्या. "व्हायोलिन तुम्हाला कोणी आणून विकलं, तेवढं नाव सांगा. मी आत्ता आत जाऊन अर्ज देते. पुढचं माझ्यावर सोडा."

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं मान हलवली. नाही.

कोर्टाबाहेरच्या बाकावर तो, त्याची बायको आणि वकीलबाई दाटीवाटीनं बसले होते. अपिलाचा युक्तिवाद सकाळीच संपला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल. उठता उठता न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "व्हायोलिन काही स्वतःच्या पायांनी दुकानात आलं नाही ना?" त्यावर तो गप्प राहिला होता. खालच्या कोर्टातही गप्पच राहिला होता.

चोरीचा माल जाणूनबुजून घेतला म्हणून त्याला शिक्षा झाली होती. सगळं त्या 'जाणूनबुजून'वर अडलं होतं, आणि तो शब्द काही खोटा नव्हता. व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांचंच ते वाद्य होतं. मानेजवळची चीर त्यानं स्वतः बुजवली होती, म्हणजे न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. खुद्द मास्तरांनीच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून हे सांगितलं, आणि खटला तिथंच आटोपला.

ते आणलं होतं मास्तरांच्या मुलानं. चादरीत गुंडाळून. चांगला दाढीमिशा आलेला बाप्या, पण नजर सारखी दाराकडे. "आत्ताच्या आत्ता पैसे द्या, नाहीतर दिसेल त्याला विकून टाकतो," म्हणाला. कारागिरानं गल्ला रिकामा करून त्याच्या हातावर ठेवला. संध्याकाळी आपणच नेऊन देऊ, दुरुस्तीला आलं होतं असं काहीबाही सांगू, घरातलं घरात राहील, एवढाच त्याचा हिशोब. पण मास्तरांनी सकाळीच तक्रार नोंदवली होती. दिवस मावळायच्या आत पोलीस दुकानात हजर.

"त्या म्हाताऱ्याला जपताय," बायको हळू आवाजात म्हणाली. "आणि मला? पोरीला?"

दुकानात कोणी फिरकत नव्हतं. मुलीनं शाळेतल्या मैत्रिणींचं नाव घेणं सोडलं होतं. बायकोनं तोंड मिटून सगळं सोसलं होतं, आणि आज पहिल्यांदाच विचारलं होतं.

"अगं, मास्तर नसते तर मी आजही दारोदार हिंडत असतो," तो तिच्याकडे झुकून कुजबुजला. "माझ्याकडे धड दुकान नव्हतं तेव्हा त्यांनी आपले सगळे विद्यार्थी माझ्याकडे धाडले. याच्या बोटांना कान आहेत, असं सांगायचे लोकांना. वहिनी गेल्या. त्यानंतर मास्तरांचं छातीचं ऑपरेशन झालं. आता जगात तो पोरगा सोडून त्यांना कोण आहे? ज्याच्यावर जीव टाकला त्यानंच घर फोडलं, हे ऐकून मास्तर उभे राहतील का?"

बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीकडे बघत राहिली.

तेवढ्यात मास्तर आले. काठी टेकत, भिंतीचा आधार घेत. ते प्रत्येक तारखेला यायचे. फिर्यादीला अपिलात यायची काही गरज नसते, असं वकीलबाईंनी केव्हाच सांगितलं होतं, तरी यायचे. पार खंगले होते. गालांची हाडं वर आली होती, कोट खांद्यांवरून ओघळत होता. कारागिराकडे त्यांनी एकदाही नजर वर करून पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही. दूरच्या टोकाला जाऊन बसले.

कारागिराला वाटलं, आपण विश्वासघात केला हेच त्यांना खातंय. आपल्यावर रागावून का होईना, जगतील.

"शेवटचं विचारते," वकीलबाई म्हणाल्या.

"सांगण्यासारखं काही नाही, बाई. तुम्ही पुष्कळ केलंत."

वकीलबाईंनी फाईल मिटली.

निकाल वाचायला फारसा वेळ लागला नाही. आरोपीला माल चोरीचा असल्याची पूर्ण जाणीव होती; तो कोणाकडून घेतला याचा कसलाही खुलासा त्यानं केला नाही; अपील फेटाळलं, शिक्षा कायम. बायको नुसतीच खाली बसली. वकीलबाईंनी वाकून तिला धरलं.

हवालदारानं कारागिराच्या दंडाला हात लावला, पण जरा हळूच. दोघं दारापर्यंत आले. दारात मास्तर उभे होते.

"मला यांच्याशी दोन शब्द बोलायचेत," मास्तर म्हणाले. हवालदार पाऊलभर मागे सरकला.

आता शिव्या ऐकायच्या, अशी मनाची तयारी करून कारागीर मान खाली घालून उभा राहिला. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे तळवे घामानं ओले होते.

"पोलीस तुमच्या दुकानात आले ना, त्याच संध्याकाळी मुलानं माझ्याजवळ सगळं कबूल केलं," मास्तर कानाशी पुटपुटले. "तेव्हापासून प्रत्येक तारखेला धास्ती असायची, आज तुम्ही त्याचं नाव घ्याल. फार उपकार झाले तुमचे. आज जरा झोप लागेल."