परवा ये

"परवा ये," तानुबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुपातली डाळ निवडायला लागल्या.

त्रिवेणी क्षणभर दारातच थांबली. तिनं तानुबाईंना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्या हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या. भिंतीला हात टेकत ती पायऱ्या उतरली. तिचं घर चार दारं पलीकडेच होतं, पण तिथवर पोचेपर्यंत तिला घाम फुटला.

सोनपेठच्या बाजारामागं मुलींचा कबड्डी क्लब होता. एक मैदान आणि पत्र्याची एक खोली. दोन वर्षांपूर्वी सराव चालू असताना त्रिवेणीचा गुडघा मोडला. परभणीला ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण चाल लंगडी झाली. बाकी मुलींच्या आया घाबरल्या, मुली यायच्या बंद झाल्या आणि खोलीला कुलूप लागलं. रोज चाललीस तरच गुडघा मोकळा होईल, असं डॉक्टरांनी त्रिवेणीला बजावलं होतं. पण लोक आधी पायाकडं बघतात आणि मग तोंडाकडं, हे तिनं दवाखान्यातून घरी येतानाच पाहिलं होतं. तेव्हापासून ती घरातून बाहेर पडेना. वडिलांच्या, चन्नप्पांच्या, किराणा दुकानात घटकाभर बसायलाही ती तयार नव्हती. भागम्मानं, तिच्या आईनं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी तिनं तो विषयच सोडला.

मग एका संध्याकाळी सरजाबाई आल्या. क्लब त्यांनीच उभा केला होता. पालिकेच्या कचेरीतून त्यांना निरोप मिळाला होता की दिवाळीनंतर ती खोली गोदामाला जाणार. मुलींच्या आयांनी येऊन क्लब हवा असं सांगितलं, तरच ती राहील. बाईंचं आता वय झालं होतं, दारोदार फिरणं त्यांना झेपणार नव्हतं. त्या सांगायला म्हणूनच आल्या होत्या. सांगून गेल्या.

"उद्यापासून मी जाते," त्रिवेणी म्हणाली.

भागम्मानं चपला घातल्या, देवळात जाऊन येते म्हणाली आणि बाहेर पडली. आईला कबड्डीचं नावही नको आहे, असं त्रिवेणीला वाटलं.

तानुबाईंचं घर पहिलं होतं. सांगितल्याप्रमाणे ती तिसऱ्या दिवशी गेली, तर मालक रानात गेलेत, त्यांना विचारून सांगते असं उत्तर मिळालं. दुसऱ्या घरी आठवडी बाजार होऊ दे म्हणाले. तिसऱ्या घरी तिला बसवून घेतलं, चहा दिला, खेळाचे नियम विचारले आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. कुणीच तिला परत फिरवत नव्हतं आणि कुणीच शब्दही देत नव्हतं. घरी येऊन ती चिडायची. लोकांना हो की नाही एवढंही सांगता येत नाही, म्हणायची. भागम्मा तेल कोमट करून तिचा गुडघा चोळत बसायची. ऐकून घ्यायची.

हळूहळू तिचा भिंतीवरचा हात सुटला. ती रस्त्याच्या मधून चालायला लागली. भाजीवाल्या बायका हाका मारून क्लबाचं काय झालं म्हणून विचारायच्या. ती थांबायची, सांगायची, कधी हुज्जतही घालायची. ती दुकानावरून जायला लागली की चन्नप्पांचा हात तराजूवर तसाच राहायचा आणि गिऱ्हाईक ताटकळायचं.

दिवाळी तोंडावर आली. एक घर उरलं होतं, गोदावरीच्या वाटेवरचं, सिद्धोधनचं. त्याची मुलगी अर्पिता त्रिवेणीच्याच संघात खेळायची. चढ चढून त्रिवेणी तिथं पोचली. अर्पिताची आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळच विचारलं,

"पाय तुझाच मोडला आन् तूच आमच्या पोरी मागायलीस?"

त्रिवेणीला हे कधीतरी कुणीतरी विचारणार, हे माहीत होतं.

"त्या दिशी जीप मिळाली न्हाई, काकू," ती म्हणाली. "तुमच्या अर्पितानं आन् बाकीच्या पोरींनी मला उचलून दवाखान्यात नेलं. मग क्लब बंद झाला आन् आमची गाठच पडंना. मला त्या पोरी परत पायजेत."

अर्पिताची आई हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या येते कचेरीत."

दुसऱ्या दिवशी निदान ही एक बाई तरी येईल, एवढ्याच आशेवर त्रिवेणी कचेरीत गेली. पाहते तर व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. ज्या ज्या दारांत ती गेली होती, त्या सगळ्या आया आल्या होत्या. तानुबाई पुढं होत्या. त्यांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन, भागम्मा उभी होती. साहेबांनी फार काही विचारलं नाही. सरजाबाईंच्या हातात किल्ली आली.

त्याच संध्याकाळी मुली मैदानावरचं गवत उपटायला जमल्या. भागम्मा खोलीतली जळमटं काढत होती. त्रिवेणीनं तानुबाईंना बाजूला गाठलं आणि लटक्या रागानं विचारलं, की यायचंच होतं तर मला इतक्या चकरा कशाला मारायला लावल्या?

तानुबाईंनी एकदा खोलीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी तर पहिल्याच दिशी हो म्हणणार होते. पण तू यायच्या आदल्या सांजंला तुझी आई आली. माझ्याकडं आली, सगळ्यांकडंच गेली. हात जोडून म्हणली, पोरी तर धाडाच, पण हो म्हणायची घाई करू नका, कचेरीत कवा यायचं ते मी सांगते. लय दिसांनी माझी पोर घराबाहेर पडायलीय."