व्हरांड्यातलं बसकर

बायको गेल्यापासून महिपतराव कुणाशी फारसं बोलत नव्हते. "घरात बसून राहण्यापेक्षा पोरांना शिकवा," म्हणत सुनेने त्यांना जुळे सोलापूर भागातल्या घराजवळच्या शाळेत नेऊन सोडलं.

त्या शाळेत वाचता न येणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवायची पद्धत होती. तिथे तिसरीतली मायाक्का एकटीच बसलेली. बाईंनी महिपतरावांना तिच्याशेजारी बसवलं आणि घाईघाईने त्या आत गेल्या.

महिपतराव समोरच्या पुस्तकाकडे नुसते बघत राहिले. त्यांनी पानही उलटलं नाही.

बऱ्याच वेळाने मायाक्काने हळूच विचारलं, "तुमालाबी वाचाय येत न्हाय व्हय?"

"नाही," ते म्हणाले.

"असू द्या. मला थोडं थोडं येतंय." तिने आपलं बसकर त्यांच्याजवळ सरकवलं, ओळीखाली बोट धरलं आणि अडखळत वाचू लागली. मग रोज तीच वाचायची. ते तिच्या बोटाकडे बघत बसायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाई दारात थांबून ऐकत राहिल्या. "कमाल केलीत, काका. गेलं वर्षभर हिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. मायाक्का, उद्यापासून तू आत वर्गात बसायचं."

मायाक्का जागची हलली नाही.

"आन् ह्ये आजोबा?" ती म्हणाली. "ह्येंना एकट्याला सोडून कसं यिऊ, बाई? ह्येंचं अजून लई ऱ्हायलंय की."