हारासाठी माणूस पाहिजे

“देव मरत नाही, बाई,” फोन परत देत गुलाबचंद म्हणाले.

वैजयंतीने हार गणपतीच्या तसबिरीला घालून फोटो काढला होता. त्याआधी खुंटीला टांगून काढला होता. तो पाहून त्यांनी विचारलं होतं, बैलासाठी आहे का?

गुलाबचंदांचं वाशीमला फ्रेमचं दुकान. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, चंदनाचा वास दिलेले हार वैजयंती इंझोरीला घरी ओवायची आणि एसटीने आणून त्यांना द्यायची. असे हार मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. तेवढ्यावर तिची आणि सासूची चूल पेटत होती.

“गिऱ्हाईक आता दुकानात येत नाही, फोनवर पाहते,” ते म्हणाले. “हारात माणूस पाहिजे. चेहरा पाहिला का आपलं माणूस आठवते. तुमचा हार पाहून कोणाले कोणी आठवत नाही. सोमवारपर्यंत बरा फोटो पाठवा, नाही तर मी दुसऱ्याचा माल घेतो. खिडकीपाशी ठेवा, मागं पांढरी चादर लावा. अन् काच काढा. गणपतीच्या पोटात तुमीच दिसून राह्यल्या.”

सासू, कस्तुराबाई, पायरीवर पिशवी धरून बसली होती. तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. “काय लिवलं व ते?”

“फोटोला घातलेला हार परत घेतला जाणार नाही,” वैजयंतीने वाचलं.

“वापस कोन आनते?”

“अजून कोणी आणला नाही,” गुलाबचंद म्हणाले. “पण पाटी असलेली बरी.”

इंझोरीत चेहरे पुष्कळ होते. पण जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे गावातल्या म्हशींनाही माहीत आहे. शेजारच्या ग्यानबांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांना ऐकू येत नव्हतं. हे मात्र आलं. “माह्या फोटोले? मी हाओ ना व अजून, पोरी!” ज्यांच्या घरी मेलेली माणसं होती, ते ती द्यायला तयार नव्हते. बेबीताई म्हणाली, “आमचा बुढा जिता होता तवा कोनाच्या कामी नाही आला. आता कायले त्याले कामाले लावतं?” वैजयंतीच्या सासऱ्यांचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा. त्यात ते स्वतःलासुद्धा ओळखू आले नसते.

घरात मोठा फोटो एकच होता. उसना कोट घातलेला भागवत, वैजयंतीचा नवरा. काही वर्षांपूर्वी तो सोयाबीन घेऊन बाजारात गेला. सोयाबीन व्यापाऱ्याकडे पोचलं, पैसे भागवतकडे पोचले, भागवत घरी पोचला नाही. पोलिसांनी शोधलं, म्हणजे लिहून घेतलं. कस्तुराबाई त्याचा फोटो रोज पदराने पुसायची. वैजयंती त्याच्याकडे बघायची नाही. हळदीकुंकवात करंडा तिच्यापाशी येऊन अडखळायचा. कुंकू लावावं तर नवरा दिसत नाही, न लावावं तर तो मेला असं कोण म्हणणार? बायांनी यावर सोपा उपाय काढला. तिला बोलावणंच सोडलं.

रविवारी दुपारी तिने खिडकीपाशी पांढरी चादर लावली. पेटीतून एक फोटो काढला, रिकाम्या फ्रेममध्ये बसवला आणि हार उचलला.

“कोनाचा हाय?” कस्तुराबाईने विचारलं.

वैजयंतीने हार झटकला. कस्तुराबाई जवळ आली. फोटो वैजयंतीचाच होता.

म्हातारीने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि भिंतीवरून भागवतला खाली काढलं.

“याले घाल.”

“आत्याबाई, काय करून राह्यल्या? ते येतीन एखाद्या दिवशी...”

“काच काढ,” कस्तुराबाई म्हणाली. “तुह्या शेटजीनं सांगतलं ना, काच काढ म्हनून?”

फोटो झकास आला. भागवत प्रत्यक्षात कधी इतका बरा दिसला नव्हता. गुलाबचंदांनी माणूस कोण ते विचारलं नाही. ‘हे झालं काम’ एवढंच कळवलं आणि फोटो जिल्हाभर फिरवला. मंगळवारी हारांची मागणी आली. त्याच दिवशी बाया दुखवट्याला आल्या. सगळ्यात मोठ्याने बेबीताई रडली. कस्तुराबाईने कोणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा तेवढा दिला.

गुरुवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. वैजयंतीचा फोन जुना होता. कानाला लावला तरी ओसरीभर ऐकू जायचं.

“कोन मेलं म्हनते मले?” पलीकडून माणूस ओरडला. “जित्ता हाओ मी! इथलोक फोटो आला. दुकानवाल्यानं हा नंबर देला. माही बायको रडून राह्यली, पोट्टे भेले. काढा तो हार पह्यले!”

आवाज ओळखायला वैजयंतीला वेळ लागला नाही. ‘माही बायको’ समजायला मात्र वेळ लागला. तिचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला आणि तिथेच राहिला.

ओसरीत कस्तुराबाई खाली मान घालून पापुद्रे ओवत होती.

“कोन हाय व?”

वैजयंतीने तिच्याकडे पाहिलं. भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी डाग होता. म्हातारी सवयीने सकाळी तोही पुसायची.

“गिऱ्हाईक हाय, आत्याबाई,” ती म्हणाली. “हार काढा म्हनते.”

कस्तुराबाईने गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

“त्याले सांग, घातलेला हार वापस होत नाही.”