टांगलेला पाला

देवाप्पाने मेलेलं करडू दयानंदच्या पायाशी आपटलं. त्याचं शेपूट रक्ताच्या हगवणीने बरबटलं होतं.

"पाल्यात काय घातलास?"

दयानंद त्याचा सख्खा धाकटा भाऊ. शहरातल्या जे. पी. नगरात झाडं छाटली की तो पाल्याचे भारे आणायचा आणि गोठ्यात उंच दोरीला टांगायचा. त्याला शेळ्या विकून रिक्षा घ्यायची होती, पण देवाप्पा विकू देत नव्हता. देवाप्पाला आणखी पुरावा कशाला हवा?

उत्तराची वाटही त्याने पाहिली नाही. कोयत्याचा दांडा भावाच्या मनगटावर घातला. हाड कडकन वाजलं. दयानंद खाली बसला, तर बरगडीत लाथ. माझ्या मुळावर उठलास म्हणत आणखी एक. मध्ये पडलेल्या भागुबाईला, स्वतःच्या बायकोला, त्याने असं ढकललं की तिचं कपाळ खांबावर फुटलं. मग टांगलेले भारे सपासप तोडून त्याने ओल्या लेंड्यांत तुडवले.

सकाळीच जिला निरोप धाडला होता ती जनावरांची डॉक्टर वसुमती तेवढ्यात पोचली. ह्यांना कुणी मारलं, असं तिने विचारलं. देवाप्पाने मेलेलं करडूच तिच्यापुढे सरकवलं. तिने ते फाडलं, आतड्यावरचे पांढरे ठिपके दाखवले.

"विष नाही, अण्णा," ती मल्लेश्वरमच्या आपल्या घरच्या मराठीत म्हणाली. "आतड्यातले जंतू आहेत, डोळ्याला न दिसणारे. लेंड्यांतून पडतात, ओलीत जोर धरतात, खालचं खाणाऱ्या करडांच्या पोटात जातात. चारा खाली कोण टाकतं?"

देवाप्पाच टाकायचा. शेळीला काय ताट मांडायचं, म्हणून वर दयानंदला हसायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

वसुमतीने तुटक्या दोऱ्यांकडे पाहिलं. "पाला टांगणाऱ्याला अक्कल आहे. उरलेल्यांना औषध देते. पण आता सगळा चारा वरच टांगायचा." मग दयानंदला आधी दवाखान्यात न्या, असं बजावून ती औषध आणायला गाडीकडे गेली.

इकडे उपाशी करडं तुडवलेल्या पाल्यावर तुटून पडली होती. दयानंद कण्हत उठला. त्याने करडांच्या तोंडातला पाला ओढून काढला. दारातला ताजा भारा कसाबसा दोरीला अडकवला. दोरीचं एक टोक डाव्या हातात, दुसरं दातांत धरून तो गाठ आवळू लागला. गाठ काही बसेना.

दोरी धरायला देवाप्पाने हात पुढे केला.

दयानंदच्या दातांतली दोरी सुटली, आणि त्याने तो मोडका हात डोक्यावर आडवा धरला.